दर सोमवारी, सकाळी दहा

मूर्तिजापूर,
बुधवार, १० जानेवारी २०१८

प्रिय खातून,

सलाम, आणि सोबत माझा नमस्कारही घे. घरी सगळे खुशाल असतील असं धरून चालते. दुसरा उपाय नाही. फोन तू उचलत नाहीस आणि जुबेरनं उचलला तर "अम्मी नमाजले बसली" एवढंच सांगून ठेवून देतो. नमाज दिवसातून पाच वेळा असते हे मला चाळीस-पंचेचाळीस वर्षांपासून माहीत आहे. पण मी फोन केला की नेमकी तेव्हाच असते, हे काही पटत नाही. म्हणून हे पत्र. सातवीपर्यंत एका बाकावर बसून मराठी शिकलो ते काहीतरी कामाला येऊ दे.

आम्ही दोघं ठीक. किसनरावांना रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण ते अजून एसटीतून उतरलेले नाहीत. स्वयंपाकघरात मी आणि मांजर दोघी एका वेळी असलो की "पुढे सरका, पुढे सरका" म्हणतात. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. महिनाअखेर अकोल्याला ऑपरेशन ठरलं आहे. मी सोबत असेनच.

कापसाचं काय सांगू? तिकडेही तेच ऐकत असशील. बोंडअळीनं बोंडं आतून खाल्ली, बाजारात आला तो पिवळा आणि डागी. लोकांनी कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली. लग्नं उरकतात कशीतरी, पण नवी गादी भरायला कोणी कोणाला बोलावत नाही. नत्थुजीनं मात्र अळी यायच्या आधीची, दसऱ्याच्या सुमाराची पहिली वेचणी घरासाठी बाजूला ठेवली होती. पांढराशुभ्र माल. त्यातलं एक पोतं मी त्याच्याकडून घेऊन ठेवलंय. कशासाठी ते विचारू नकोस. सध्या त्यावर मांजर झोपते.

तुझं कापूस पिंजायचं पिंजण नेलंस का अकोल्याला? की तुमच्या त्या दोन खोल्यांत त्याला जागा नाही? तू गेल्यावर मी एकदा तुमच्या बंद घराच्या खिडकीतून डोकावले होते. भिंतीवरची खुंटी रिकामी दिसली, म्हणून विचारते.

आणि हो, आपली जाहिरात. मोबाइलवरच्या 'घरहाट'वर ती अजूनही दर सोमवारी सकाळी दहा वाजता लागते. आपोआप. मी काही करत नाही. तुला आठवत असेलच, पण मला लिहावंसं वाटतंय म्हणून लिहिते. मागच्या संक्रांतीला माझ्या भावाची आकांक्षा अमरावतीहून आली होती. आपण दोघींनी केलेली बाळगादी पाहून म्हणाली, "आत्या, हे मोबाइलवर विका." जुन्या साडीचं मऊ कापड, आत तू पिंजलेला कापूस, वर माझे टाके, आणि सोबत मोहरीची छोटी उशी. तिनं आपले चार हात त्या गादीवर ठेवायला लावून फोटो काढला. माझ्या बोटाला हळद होती, तुझ्या केसांत कापूस होता. केस फोटोत आले नाहीत ते बरं झालं.

मग तिनं समजावलं की तिथे नवी जाहिरात वर येते आणि जुनी खाली सरकत जाते, सात दिवसांनी तर दिसतच नाही. रोज कोण टाकत बसणार? म्हणून ती आपोआप पुन्हा लागेल अशी सोय असते. वार सांगा, वेळ सांगा, किती वेळा लावायची ते सांगा. वारावरून आपण किती भांडलो! शुक्रवार तुला नको, गुरुवारी माझा उपास आणि उपासाच्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नसतं. किसनराव म्हणाले रविवार. तू त्यांना झटकून टाकलंस. "सोमवार, दहा वाजता. पोरं शाळेत, नवरा कामावर, भांडी घासून झाली. तवा बाई मोबाइल हाती घेते." आकांक्षा बघतच राहिली. किती वेळा, असं तिनं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "बाळ-बाळंतिणीचं काम हाय. चाळीस टाक." तिनं चाळीस टाकलं.

पहिल्या सोमवारी दहाला मोबाइल टिंग वाजला आणि पडद्यावर आलं, 'कापूस पिंजणार खातूनबी, टाके घालणार दुर्गाबाई'. अय्युबभाई तेव्हा म्हणाले होते, "मेरा नाम किधर है?" आणि तू म्हणालीस, "गाद्या पोचत्या करता ना, मंग तुमचं नाव रस्त्यावर." किती हसले होते.

असो. तुझ्या लेकीला, निखतला, सातवा लागला असेल आणि तुम्ही तिला बाळंतपणाला आणलंही असेल. पहिलंच आहे, जपा. तिच्या बाळाच्या गादीचं मी काही म्हणत नाही. तुला वाटलं तर तू सांगशील.

संक्रांतीचा तिळगूळ सोबत पाठवते आहे. गोड बोला असं दरवर्षी म्हणायचं असतं, पण यंदा तशी अट नाही. कडू बोललीस तरी चालेल.

आपली,
दुर्गाबाई


मूर्तिजापूर,
मंगळवार, ३० जानेवारी २०१८

प्रिय खातून,

सलाम. तिळगूळ परत आला नाही. एवढ्यावर मी दुसरं पत्र लिहायला बसले आहे, यावरून माझी काय अवस्था आहे ते ओळख.

काल किसनरावांचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. डोळ्याला पट्टी, वर काळा चष्मा. परत येताना बसमध्ये सगळे कंडक्टर ओळखीचे, त्यामुळे त्यांची ऐट विचारू नकोस. सकाळी साडेनवालाच आत घेतलं होतं आणि आम्हा सोबतच्या बायकांनाही आत बसवून मोबाइल बंद करायला लावले. अकराच्या सुमाराला मला बाहेर सोडलं. दुपारी त्यांना झोप लागली तेव्हा मी नत्थुजीच्या कापसाचं पोतं रिक्षात घालून जुबेरच्या दुकानावर नेलं. तो पंक्चर काढत राहिला. "तुझ्या अम्मीला दे" एवढं म्हणाले. त्यानं ते सायकलींच्या मागे नीट कोरड्या जागी ठेवलं. पोरगा तुझ्यावर गेलाय, रागातही काम नीट करतो.

नंतर तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते. वरच्या गॅलरीत तुझी हिरवी ओढणी वाळत होती. मी तिथे पानाच्या ठेल्याजवळ उभी राहिले, ठेलेवाल्यानं दोनदा विचारलं, "मावशी, कोणाकडे जायाचं?" मी म्हटलं, चुकून आले. आणि परत फिरले. घरी येऊन किसनरावांना सांगितलं तर ते एका डोळ्यानं बघत म्हणाले, "तिकीट काढून आलीस आणि स्टॉपवर उतरली नाहीस." माणूस आयुष्यभर पासवर फिरला, पण बोलला ते खरं होतं.

तर आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. मागच्या पत्रात मी चार पानं भरली आणि कामाचं एक वाक्य लिहिलं नाही.

जुलैच्या सुरुवातीलाच अय्युबभाई गेले. तू नवऱ्यामागे इद्दतला बसलीस, चार महिने दहा दिवस उंबऱ्याच्या आत. मी येऊन जाऊन होते, तुझ्याजवळ बसत होते, तेवढं तरी मी बरोबर केलं. पण तिकडे सोमवार काही थांबत नव्हता. जाहिरात लागत होती, मागण्या येत होत्या. तुझ्याकडे कापूस पिंजून मागायचं माझ्या तोंडून निघेना. म्हणून मी बाजारातून तयार भरण आणलं, ते चकचकीत, नायलॉनसारखं, आणि नऊ गाद्या भरून पाठवल्या. वर तेच लिहिलेलं, 'खातूनबींनी हाताने पिंजलेला कापूस'. तुला सांगितलं नाही. तुझा वाटा बाजूला काढून ठेवत होते आणि स्वतःला सांगत होते की मी खातूनला या काळात सांभाळून घेते आहे.

मग नाशिकच्या त्या बाईनं गादीचा कोपरा उसवून पाहिला. तिच्या बाळाच्या पाठीवर पुरळ आलं होतं. तिनं जे लिहिलं ते सगळ्या जगानं वाचलं. 'खातूनबी नावाची बाई खोटारडी आहे.' माझं नाव तिनं लिहिलंच नाही. टाके चांगले होते ना!

जुबेरनं तुला ते वाचून दाखवलं. मी आले तेव्हा तू पांढऱ्या कपड्यात भिंतीला टेकून बसली होतीस आणि समोर पिंजण टांगलेलं होतं. मी म्हटलं, "खातून, मी काय करू? ते आपोआप लागत होतं. मले बंद करता येत नाही." तू वर न बघता म्हणालीस, "जाहिरात आपोआप लागली, मानते. गादीत नायलान आपोआप घुसलं का, दुर्गी?"

मी तेव्हा रडले. तुझ्यावर चिडलेही. घरी येऊन किसनरावांना म्हटलं, दुःखात आहे म्हणून तोडून बोलली. नंतर इद्दत संपली, जुबेर तुला अकोल्याला घेऊन गेला, आणि मी सगळ्यांना सांगत राहिले की मशीनमुळे मैत्रीत फूट पडली.

खातून, मला बंद करता येत होतं.

अय्युबभाईंच्या जनाज्यानंतर चौथ्या दिवशी आकांक्षाचा अमरावतीहून फोन आला होता. म्हणाली, "आत्या, खातूनमावशी आता काम कशी करतील? मी जाहिरात थांबवू का? एका मिनिटाचं काम आहे." आणि मी म्हणाले, "राहू दे."

एवढंच. राहू दे. हे दोन शब्द मी कोणाला सांगितलेले नाहीत. आकांक्षाही बिचारी कधी बोलली नाही.

का म्हणाले, हे मी स्वतःला सहा महिने विचारते आहे. लोभ नव्हता, शपथेवर सांगते. रेशनकार्डावर मी किसनरावांच्या खाली आहे. लग्नपत्रिकेत सौ. किसनराव असते. शेजारणींच्या पोलक्यांना मी तीस वर्षं बटणं लावली, पण माझं नाव कुठे लागलं नव्हतं. दर सोमवारी दहाला ते टिंग वाजायचं आणि तुझ्या नावाशेजारी माझं नाव दिसायचं. मला ते थांबायला नको होतं. एकदा थांबलं की तू पुन्हा पिंजण हातात घेणार नाहीस अशीही भीती वाटली होती. ती भीतीही खरी आहे. पण नावाची हाव आधीची आहे, हे कबूल करते. माझ्या नावाच्या हौसेपायी मी तुझं नाव घालवलं.

अय्युबभाई गादी भरून झाली की तिच्यावर गाल टेकवून बघायचे. जरासं टोचलं तरी उसवायला लावायचे. त्या नऊ गाद्यांवर मी गाल टेकवला नाही. मला माहीत होतं ना!

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. एक करते. येत्या सोमवारी त्या नाशिकच्या बाईच्या लिहिण्याखाली खरं काय ते माझ्या नावानं लिहिणार आहे. निखतला मोबाइलवर बघायला सांग. तिनं मोठ्यानं वाचलं तरी चालेल, जुबेरसमोरसुद्धा.

तुझी, म्हणजे तू म्हणू देशील तर,
दुर्गा


मूर्तिजापूर,
बुधवार, २१ फेब्रुवारी २०१८

खातून,

काल संध्याकाळी अकोल्याच्या बसचा कंडक्टर घरापर्यंत चालत आला. किसनरावांच्या हाताखाली तयार झालेला. "मास्तर, तुमचं पार्सल" म्हणून त्यानं एक मोठं गाठोडं दिलं. किसनराव काळ्या चष्म्यातून बघून म्हणाले, "सामानाचं तिकीट काढलं का?" तो हसला आणि गेला. गाठोड्याला तुझी गाठ होती. तुझी ती उलटी गाठ मी ओळखते, शाळेत दप्तरालाही तीच मारायचीस आणि मग दोघींना सुटायची नाही.

मी ती कापली नाही. अर्धा तास बसून सोडवली.

आत कापूस. पिंजलेला. मी हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला आणि कशालाच लागला नाही. त्याखाली अय्युबभाईंचा पांढरा कुर्ता, धुऊन, घडी घालून. आणि घडीत तुझी चिठ्ठी. ती आता मला पाठ आहे, तरी पुन्हा उतरवून काढते, कारण तिचं उत्तर द्यायचं आहे.

"दुर्गी, कापूस पिंजला. माल बरा हाय, पण तुह्या मांजरीचे केस काढता काढता माहा जीव गेला. खालची घरवाली म्हणे आवाज काहाचा येते, मी म्हणलं माह्या हाताचा. कुरता यांचा हाय. निखतच्या बाळाची गादी त्याच कापडात शिव. तू सोमवारी लिवलेलं निखतनं वाचलं, जुबेरनं बी आयकलं, मंग तो जेवला नाई, बाहीर जाऊन उभा राह्यला. मी जेवली. आता एक सांग. मी दर सोमवारी दहाले मोबाइलवर पाहून राह्यली. अकोल्यात आली तवापासून. एकबी सोमवार सोडला नाई. २९ तारखेले दहाची जाहिरात अकरा वाजून पाच मिन्टाले लागली. मशीनले बी मोतीबिंदू झाला का? खरं सांगजो. मंग बाकीचं बोलू. खातून."

चिठ्ठी वाचून मी आधी हसले. मग पदराला डोळे पुसले. मग पुन्हा हसले. किसनराव म्हणाले, "एक काय ते ठरव, मले एकाच डोळ्यानं दिसून राह्यलं."

तर ऐक, खरं सांगते.

तूच चाळीस सांगितलं होतंस. चाळीस सोमवार सहा नोव्हेंबरला संपले. तेरा नोव्हेंबरला दहा वाजले, सव्वादहा झाले, मोबाइल वाजला नाही. मी सगळ्यांना सांगत होते की ते थांबत नाही म्हणून घोळ झाला, आणि त्या दिवशी ते थांबलं. सुटले असं वाटायला हवं होतं की नाही? मला वाटलं, आता तुझं-माझं नाव एका जागी असलेली कोणतीच गोष्ट जगात उरली नाही. साडेदहाला मी आकांक्षाला फोन करून विचारलं, हातानं कशी लावतात. तिनं सांगितलं. मी लावली.

तेव्हापासून आपोआप काही नाही. दर सोमवारी पावणेदहाला मी चष्मा पुसून ओट्यावर बसते आणि दहा वाजले की बटण दाबते. कालपरवाची धरून पंधरा वेळा झाली. त्या दिवशी दवाखान्यात मोबाइल बंद ठेवायला लावला होता, म्हणून उशीर झाला. बाहेर सोडल्याबरोबर पायरीवर बसून पहिलं तेच काम केलं, मग ह्यांच्या थेंबांची चिठ्ठी घेतली. हे ह्यांना सांगू नकोस.

आणि तू पाहिलं असशीलच की मजकूर तोच ठेवला नव्हता. फोटो तोच, चार हातांचा. खाली लिहिते, 'सध्या गादी मिळणार नाही. कापूस पिंजणाऱ्या खातूनबी कामावर नाहीत. त्या आल्या की मिळेल.' न विकण्यासाठी दर आठवड्याला जाहिरात देणारी बाई म्हणून आकांक्षानं मला हात जोडले. पण तुला काय वाटलं असेल, ही मशीनच असं लिहीत बसली आहे? मी पहिल्या पत्रात पुन्हा 'आपोआप' लिहिलं, कारण मी तुझी वाट बघते आहे हे लिहायची लाज वाटली. एवढी म्हातारी झाले आणि लाज वाटली.

मला कुठे माहीत होतं की तिकडे तूही दहा वाजता बघते आहेस. पंधरा सोमवार! आपण दोघी एकाच वेळी त्या चार हातांकडे बघत बसलो होतो आणि मी मात्र नमाजेला नावं ठेवत होते.

नाशिकच्या बाईचंही कळवायचं आहे. मी जे लिहिलं ते तिनं वाचलं. 'भरण मी बदललं, खातूनबींना माहीत नव्हतं, त्या तेव्हा दुःखात होत्या, दोष सगळा माझा, दुर्गाबाई.' तिनं तिचं पहिलं वाक्य पुसलं आणि माझ्या नावानं नवं लिहिलं. ते तिखट आहे, पण आता योग्य माणसाच्या नावावर आहे. मी तिला दुसरी गादी देईन असं कळवलं होतं. ती म्हणते, बाळ आता मोठं झालं, पण बहिणीला दिवस गेले आहेत, खातूनबी स्वतः भरणार असतील तरच पाठवा. तशी वाट बघणारी अजून तेवीस नावं आहेत. एक चिखलदऱ्याची आहे, तिकडे थंडी फार म्हणून जरा जाड मागते. मी कोणालाही हो म्हटलेलं नाही. तुला विचारल्याशिवाय आता टाकाही घालणार नाही.

फक्त एक घातला, म्हणजे बरेच घातले. निखतच्या बाळाची गादी काल रात्री आणि आज दुपारी शिवून काढली. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं कापड बाळाला लावायला बायका कचरतात, हे तुलाही ठाऊक आहे. मीही कात्री हातात घेऊन जरा थांबले. मग कुर्ता गालाला लावून पाहिला. इतकं मऊ कापड मी कुठून आणणार होते? आणि नातवंडाच्या गादीला गाल टेकवायला ज्यांनी असायला हवं होतं, ते त्यात आपसूक आले. खिसा मी उसवला नाही. आतल्या बाजूला तसाच ठेवलाय, त्यांची तपकिरीची डबी असायची तो. भरून झाल्यावर गाल टेकवला. कुठे टोचलं नाही. मांजरीचा एक केस सापडला, तोही काढला.

माझी आई बाळ जन्मेपर्यंत त्याच्या गादीचा एक कोपरा उघडा ठेवायची. बाळ आलं, रडलं, की मग शेवटचे टाके. मीही ठेवलाय. तो मी एकटीनं शिवायचा नाही असं ठरवलं आहे.

आता बेत सांगते. येत्या सोमवारी, सव्वीसला, मी सकाळच्या पॅसेंजरनं अकोल्याला येते. किसनराव सोबत येतो म्हणतात, चष्मा दाखवायला त्यांना माणसं हवीच आहेत. या वेळी पानाच्या ठेल्याशी थांबणार नाही. दहाच्या आत तुझ्या दारात असेन. मोबाइल तुझ्या हातात देईन. जाहिरात मी लिहून ठेवली आहे. फोटो तोच, 'सध्या मिळणार नाही' हे काढलं आहे, आणि तुझं नाव आधी आहे. आकांक्षा म्हणत होती, पुन्हा चाळीस वेळा आपोआप लावून देते. मी म्हटलं, आत्ता नको. ती लावायची की नाही, ते दहा वाजता तू ठरव, आणि लावायची तर तुझ्या बोटानं लाव.

नाही लावलीस तर मी तुझ्या हातचा चहा पिईन, निखतच्या डोक्यावरून हात फिरवीन, गादी तिच्याजवळ ठेवीन आणि परत येईन. पुढच्या सोमवारी पुन्हा येईन. त्याच्या पुढच्या सोमवारीही. त्या दिवशी दाराशी चप्पल वाजली की ओळख, मशीन नाही, मी आहे.

उघड्या कोपऱ्याची सुई दोऱ्यासकट ओवून ठेवली आहे.

तुझीच,
दुर्गी